क्रूझ कंपनी बदलताना नेमकं काय बदलतं? कॉर्डेलियानंतर सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन

मुग्धमोगरा

नमस्कार मंडळी. विषय थोडा खर्चाचा आहे आणि घरातली तीन ज्येष्ठ माणसं बरोबर असणार आहेत, म्हणून नीट विचारून मगच ठरवायचंय.

आम्ही सहा जण. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, माझे आईबाबा आणि सासूबाई. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाने गोवा आणि लक्षद्वीप दोन्ही झालंय आणि सगळ्यांनाच बोटीची गोडी लागलीय. पुण्याहून ते फार सोयीचं पडतं. डेक्कन क्वीनने साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी, तिथून टॅक्सीने थोड्याच वेळात बॅलार्ड इस्टेटचं टर्मिनल. जेवण आपलं, गाणी ओळखीची. सासूबाई तर कर्मचाऱ्यांशी सरळ हिंदीत गप्पा मारत होत्या.

आता दिवाळीनंतर सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनची तीन-चार रात्रींची सफर करावी असं मनात आहे. कॉर्डेलियाची एम्प्रेस ही मूळची रॉयल कॅरिबियनचीच बोट, त्यामुळे साधारण तसाच अनुभव असेल असं नवऱ्याचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. एजंटकडून फक्त किंमत आणि केबिनचे फोटो मिळाले.

विचारायचं ते असं: जेवणाचं काय? आई कांदा-लसूण खात नाही. बाबा ७२ वर्षांचे, गुडघ्यामुळे काठी घेऊन चालतात. तिकिटाच्या वर खर्च किती येतो? आणि बोटीवरच्या रोजच्या दिनक्रमात काय वेगळं असतं? ज्यांनी एका कंपनीची सवय मोडून दुसरी धरली त्यांनी मोकळेपणाने लिहा.

रविवारपेठी

ताई, स्पष्ट लिहितो. तीन ज्येना (ज्येष्ठ नागरिक) बरोबर असताना कंपनी बदलायचं कारण काय? रुपयात बिल, आपली भाषा, व्हिसा नको, विमान नको. माझ्या आईला बोटीवर रात्री बरं वाटेनासं झालं तेव्हा डॉक्टरशी ती स्वतः बोलू शकली. ही सोय पैशात मोजता येत नाही. सिंगापूर बघायचं असेल तर विमानाने जा, चार दिवस हॉटेलात राहा.

हिरवाचाफा

वाचतेय. आम्ही रॉयल कॅरिबियनवरून एमएससी या दुसऱ्या क्रूझ कंपनीकडे गेलो होतो, युरोपात. त्याबद्दल सवडीने लिहिते.

पर्वतीकर

मुग्धमोगरा, तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं चार-पाच कंपन्यांच्या बोटींवर फिरलो. माझं पक्कं मत असं की आधी बोट, मग बंदर आणि सगळ्यात शेवटी कंपनीचं नाव बघावं.

एम्प्रेसचंच घ्या. ती १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नझेअरच्या गोदीत बांधली गेली, तेव्हा नाव होतं नॉर्डिक एम्प्रेस. पुढे एम्प्रेस ऑफ द सीज झाली, मधली काही वर्षं स्पेनच्या पुलमंतूरकडे होती, २०१६ मध्ये रॉयल कॅरिबियनकडे परतली आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाच्या नावाने मुंबईहून निघू लागली. म्हणजे ती रॉयल कॅरिबियनची खरी, पण १९९० सालची. त्या काळी बाल्कनीवाल्या केबिन फार नसत, खोल्या लहान असत, आणि लोकांनी डेकवर, नाटकगृहात, जेवणघरात एकत्र वेळ घालवावा अशी रचना होती. सिंगापूरला गेल्या काही वर्षांत रॉयल कॅरिबियनने आणलेल्या स्पेक्ट्रम, अँथम, ओव्हेशन या बोटी क्वांटम घराण्यातल्या, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नव्या बोटी. एम्प्रेस आणि त्यांच्यात पाव शतकाचं अंतर आहे.

आकड्यांत बघायचं तर एम्प्रेस ४८,५६३ ग्रॉस टनांची, अँथम १,६८,६६६ टनांची. हे टन वजनाचे नाहीत, बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. त्याला प्रवासीसंख्येने भागलं (एका केबिनमध्ये दोन माणसं धरून) की दर माणशी किती जागा वाट्याला येते ते कळतं. एम्प्रेसला साधारण १,६०० प्रवासी धरले तर उत्तर ३० येतं. अँथमला ४,१८० धरले तर ४०. सिंगापूरहूनच निघणाऱ्या जेंटिंग ड्रीम या दुसऱ्या कंपनीच्या बोटीचाही विचार करत असाल तर १,५०,६९५ भागिले ३,३५२, म्हणजे ४५. एजंटने दाखवलेल्या फोटोंपेक्षा हा भागाकार जास्त खरं सांगतो. बोट मोठी म्हणजे गर्दी जास्त असं सरसकट म्हणता येत नाही, ते यावरूनच कळतं.

पण तुमच्या बाबांच्या दृष्टीने दुसरा आकडा महत्त्वाचा. एम्प्रेस २११ मीटर लांब, अँथम ३४८. केबिन एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला असलं तर दिवसातून चार वेळा ते अंतर चालावं लागतं. केबिन लिफ्टजवळची, शक्यतो मध्यभागातली घ्या, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. काठीवर भागत असेल तरी व्हीलचेअरची विनंती बुकिंगच्या वेळीच नोंदवून ठेवा. बंदरावरच्या इमिग्रेशनच्या रांगेत तिचा उपयोग होतो, आणि ती मदत साधारणपणे चढता-उतरतानाच मिळते. बोटीवर वापरायला हवी असेल तर घडीची स्वतःची न्या.

आकडेमोड

पर्वतीकर काका, जागेचा हिशोब आवडला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक वेगळा मुद्दा. कंपनी बदलली की आधीच्या कंपनीत साठलेले गुण आणि मानाची पायरी तिथेच राहते. मी एकाच कंपनीला धरून राहायच्या बाजूचा आहे. वरच्या पायरीवर पेय, इंटरनेट, कपडे धुणं यांवर सवलती मिळतात, बोर्डिंग आधी होतं.

पर्वतीकर

आकडेमोड, तुमचं म्हणणं अमेरिकेत बंदराशेजारी राहणाऱ्याला पूर्ण लागू आहे. पुण्याहून जाणाऱ्याला किती, ते बघू. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर योजनेत एका रात्रीला एक गुण, सूट (मोठी, महागडी केबिन) घेतला तर दोन. प्लॅटिनमला ३० गुण लागतात, डायमंडला ८०. वर्षाला एक चार रात्रींची सफर केली तर डायमंडला वीस वर्षं. आपल्याकडच्या कुटुंबाने या गुणांसाठी चांगली सफर सोडू नये असं माझं मत.

गुण पूर्ण वाया जातात असंही नाही. क्रूझच्या धंद्यात बऱ्याच कंपन्या एकाच मालकाच्या असतात. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी एका घरच्या, आणि त्यांनी एकमेकींकडची पायरी मानायला सुरुवात केली आहे. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा, क्युनार्ड या सगळ्या कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या. नॉर्वेजियन, ओशियानिया, रीजंट तिसऱ्या घरच्या. एमएससी कुटुंबाच्या मालकीची, आणि ती दुसऱ्यांकडची पायरी बघून आपल्याकडे त्या तोडीची देते. जुन्या कंपनीचं कार्ड टाकून देऊ नका, एवढंच.

मसालेभात

जेवणाबद्दल मी लिहिते, कारण आमच्याकडेही सासऱ्यांचं कांदा-लसणाचं पथ्य आहे.

आम्ही सिंगापूरहून जेंटिंग ड्रीमने गेलो होतो. रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसची ही बोट जून २०२२ पासून सिंगापूरहून निघते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना स्टार क्रूझेस आठवत असेल, मुंबईहून सुपरस्टार लिब्रा निघायची ती. तिची मालक कंपनी जेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच मंडळींनी पुढे ही नवी कंपनी काढली. या बोटीवर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय नेहमीचीच आहे, हलाल प्रमाणपत्रही आहे. सासऱ्यांना रोज विचारावं लागलं नाही. भारतीय प्रवासी इतके होते की नाश्त्याला कुठूनतरी मराठी ऐकू यायचीच.

रॉयल कॅरिबियनवर आईंना उपाशी राहावं लागेल असं मुळीच नाही, माझ्या बहिणीचा अनुभव चांगला आहे. फक्त तिथे स्वतःहून सांगावं लागतं.

दीपस्तंभ

मी बरीच वर्षं बोटींवर जेवणविभागात काम केलं, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत. आता पुण्यातच असतो. मसालेभात यांच्या शेवटच्या वाक्यावर सविस्तर लिहितो, कारण कंपनी बदलणाऱ्यांना सगळ्यात जास्त हीच अडचण येते.

ज्या बोटीचा बहुसंख्य ग्राहक भारतीय, तिथे जैन जेवण रोजच्या तयारीतच धरलेलं असतं. जिथे तो काही टक्के, तिथे ते मागणीप्रमाणे बनतं. मोठ्या बोटीच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसाची चिराचिरी, वाटणं, ग्रेव्ही आदल्या दिवशीच सुरू होते. रात्री आठला टेबलावर बसून कांदा-लसूण नको म्हटलं तर उकडलेल्या भाज्या आणि भात मिळणार, कारण तयार ग्रेव्हीतून कांदा काढता येत नाही. तेच आदल्या रात्री हेडवेटरला सांगितलं तर डाळ, सुकी भाजी, पोळीसारखं काहीतरी नक्की होतं. म्हणून तीन वेळा सांगा. बुकिंग करताना एजंटकडून लेखी, बोटीवर चढल्या दिवशी जेवणघरात जाऊन प्रत्यक्ष, आणि मग रोज जेवण संपताना उद्याचं. पहिल्या दिवशी दुपारी हेडवेटर मंडळी खास याच कामासाठी बसलेली असतात. त्यांच्यात भारतीय माणूस असण्याची शक्यता खूप. गोव्याचे, मुंबईचे, केरळचे लोक या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकदा त्यांनी आईंना आई म्हटलं की काळजी मिटली.

जेवणाची वेळही ठरवावी लागेल. रॉयल कॅरिबियनवर दोन पद्धती आहेत. एक, रोज तेच टेबल, तीच वेळ, तेच वाढपी. दुसरी, माय टाइम, म्हणजे आपल्या सोयीने. तरुण लोक दुसरी घेतात. तुमच्या आईंसाठी मी पहिलीच सांगेन. रोज तोच वाढपी असला की पथ्य दरवेळी पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. नॉर्वेजियनने २००० साली फ्रीस्टाइल नावाने ठरावीक टेबलाची पद्धतच मोडली. पुढे कधी त्यांच्याकडे गेलात तर रोज नवा माणूस, रोज नव्याने सांगणं, हे ध्यानात ठेवा.

घरचं काय नेता येतं हे सगळे विचारतात. सीलबंद पाकिटातला कोरडा खाऊ, चिवडा, भाकरवडी, खाकरे साधारण चालतात. घरी शिजवलेलं, डब्यातलं नेऊ देत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. इतकी माणसं एका छताखाली असताना एकाचं पोट बिघडलं की दोन दिवसांत शेकडो आजारी पडतात. जेवणघराच्या दारात हात धुवायला लावतात तेही त्यासाठीच. इलेक्ट्रिक किटली, छोटा राइस कुकर, इस्त्री हे सगळं चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आग ही बोटीवरची सगळ्यात मोठी भीती असते. रॉयल कॅरिबियनने २०२४ मध्ये एकाहून जास्त सॉकेटचे प्लग आणि एक्स्टेंशन बोर्डही बंद केले. सहा जणांचे फोन चार्ज करायला यूएसबीचा चार्जर न्या.

हिरवाचाफा

माझा अनुभव सांगते. आम्ही आधी सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन केली होती आणि नंतर बार्सिलोनाहून एमएससी. दोन्ही बोटी नव्या, दोन्ही मोठ्या, तरी आतलं वातावरण अगदी वेगळं.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे युरोपातल्या त्या सफरीला एक सुरुवात नसतेच. सिंगापूरला सगळे एका दिवशी चढतात, एका दिवशी उतरतात. भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टाच्या बोटी बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ अशा प्रत्येक बंदरात नवे प्रवासी घेतात आणि जुने सोडतात. आपला तिसरा दिवस असतो तो कुणाचा तरी पहिला असतो. मग बफेत रोज नवखी गर्दी, आणि संकटकाळची कवायतही बंदरागणिक. घोषणा चार-पाच भाषांत. रात्रीचं जेवण दोन पाळ्यांत, आणि दुसरी पाळी आपल्या ज्येनांच्या झोपेच्या वेळी. जेवणघरात टेबलावरचं बाटलीचं पाणी विकत, बफेतलं मोफत. बिल युरोत.

हे वाचून कुणाला नकोसं वाटेल, पण मला ते फार आवडलं. नाटकगृहात भाषेवर अवलंबून नसलेले कार्यक्रम असतात, कसरती, नाच, संगीत, आणि रात्री उशिरापर्यंत आजी-आजोबा नातवंडांना घेऊन डेकवर फिरत असतात. आमच्या ज्येनांना ते बघून घरच्यासारखं वाटलं.

एमएससीचं आणखी एक. तिथे एकाच प्रकारच्या केबिनला बेला, फँटास्टिका, ऑरिया अशा वेगवेगळ्या श्रेणी असतात. बेला स्वस्त, पण केबिन कुठे मिळेल ते तुमच्या हातात नसतं. किंमत ऐकताना श्रेणी कुठली ते विचाराच.

व्हिसाचं बघा. बोट शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) बाहेरच्या बंदरात, म्हणजे तुर्की किंवा ट्युनिशियाला जाऊन परत येणार असेल तर मल्टिपल एंट्रीच (एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा) हवा. पुण्यात व्हीएफएसमध्ये (व्हिसा अर्ज केंद्रात) अर्ज देताना सफरीचा पूर्ण मार्ग जोडला होता.

लाटालहरी

कवायतीवरून विचारते, कॉर्डेलियावर आम्हाला लाइफ जॅकेटच्या जागी नेऊन उभं केलं होतं. ते सगळीकडे असतं का?

दीपस्तंभ

असतंच, आणि ते मनापासून करा. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया इटलीच्या किनाऱ्यावर खडकाला लागली, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला, आता बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटल्या सुटल्या ती करावीच लागते. पद्धत कंपनीप्रमाणे बदलते. रॉयल कॅरिबियनवर फोनवर व्हिडिओ बघायचा आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं. तेवढ्यावर सोडतात म्हणून घाईने उरकू नका. सहाही जण एकत्र जा आणि केबिनपासून ती जागा कुठल्या जिन्याने येते ते आईबाबांना चालवून दाखवा. संकटात लिफ्ट वापरता येत नाही.

मुग्धमोगरा

किती मनापासून लिहिताय सगळे! दीपस्तंभ दादा, जेवणाचा तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला, तिची धाकधूक बरीच कमी झाली. आता खर्चाबद्दल कुणी सांगेल का?

आकडेमोड

ते माझ्याकडे.

पहिली गोष्ट टिप. रॉयल कॅरिबियन साध्या केबिनला माणशी दर दिवशी १८.५० डॉलर लावते (दर बदलतो, बुकिंगच्या दिवशीचा ताजा बघा). लहान मुलीलाही तेवढेच. सहा माणसं, चार रात्री, म्हणजे ४४४ डॉलर. हे तिकिटाच्या किमतीत धरलंय की नाही, एजंटला लेखी विचारा. दोन कंपन्यांच्या किमती शेजारी ठेवताना एकीत टिप आणि बंदर शुल्क धरलेलं आणि दुसरीत नाही, असं सर्रास असतं.

दुसरं, पेयं. रॉयल कॅरिबियनवर एका केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्या केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या प्रत्येकाला घ्यावं लागतं. तुमच्याकडे कुणी घेणार असेल तर केबिनची वाटणी त्या हिशोबाने करा. साधं पाणी, बफेतला चहा-कॉफी मोफत.

तिसरं, इंटरनेट विकत. आणि हे फार महत्त्वाचं: फोन विमान मोडवर ठेवा. बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि भारतातलं नेहमीचं रोमिंग पॅकेज त्याला लागू असेलच असं नाही.

चौथं, मुलीसाठीचे खेळ. समुद्रसपाटीपासून ९० मीटर उंच नेणारा नॉर्थ स्टारचा काचेचा पाळणा, हवेत तरंगायचं आयफ्लाय, लाटेवर घसरायचं फ्लोरायडर. यातलं काय मोफत आणि कशाला पैसे, हे सफरीप्रमाणे बदलतं. अॅपवर आधीच वेळ राखून ठेवा. मोठे कार्यक्रमही तसेच. कॉर्डेलियावर आयत्या वेळी जाऊन बसता येतं, तसं इथे धरून चालू नका.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा करायचा कर) कापतात, तो आयकर विवरणात वळता होतो. पावती जपून ठेवा.

रविवारपेठी

आकडे बघून माझं मत आणखी पक्कं झालं. सहा जणांचं विमान, व्हिसा, टिप, विमा. एवढ्यात कॉर्डेलियाचा सूट घेऊन सगळं कुटुंब राजेशाही थाटात जाईल.

पर्वतीकर

रविवारपेठी, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते खोडत नाही. ज्येष्ठांना परक्या भाषेत आजारपण सांगावं लागणं हा खरा त्रास आहे. म्हणूनच विमा घ्याच, आणि त्यात बोटीवरचे उपचार आणि बोटीवरून हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते वाचा. बोटीवरचा दवाखाना तिथल्या तिथे पैसे घेतो. औषधांची यादी इंग्रजीत, डॉक्टरच्या सहीने, केबिन बॅगेत. मोठ्या बॅगा चढल्यावर काही तासांनी खोलीवर येतात, तोवर गोळ्या हाताशी हव्यात.

पण मुग्धमोगराच्या आईबाबांचं हे वय प्रवासाचं आहे. गुडघे आज साथ देतायत. पाच वर्षांनी काय असेल कुणी सांगावं? त्यांना न्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता मार्ग निवडण्याबद्दल. सिंगापूरहून लहान सफरी साधारण पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत अशा असतात. ज्येष्ठांसाठी पेनांग उत्तम. बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते, उतरलं की जॉर्जटाउनचं जुनं शहर समोर. पोर्ट क्लांगला उतरून क्वालालंपूर बघायचं तर बसने तास-दीड तास, रहदारी वेगळी. फुकेतला पातोंगसमोर बोट समुद्रातच नांगर टाकते आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपला तुम्ही ते केलंच असेल. हलत्या होडीत पाय टाकणं बाबांना तेव्हा कसं झेपलं ते आठवून ठरवा.

हवेचंही बघा. नोव्हेंबर ते मार्च ईशान्य मान्सून दक्षिण चीन समुद्रात जोरात असतो, व्हिएतनामकडे जाणाऱ्या सफरी तेव्हा हलतात. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रामुळे आडोशाला येते, पाणी शांत असतं. दिवाळीनंतर ज्येष्ठांना घेऊन पेनांगची बाजू धरा.

मसालेभात

पर्वतीकर काकांचा आडोशाचा मुद्दा आम्ही अनुभवलाय. डिसेंबरात पेनांगला जाताना कॉफीसुद्धा हिंदकळली नाही.

कागदपत्रांचं लिहायचं राहिलं. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटकडूनच होतो, पुण्यात बरेच आहेत. बोट मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला येते, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना हे हातात आल्यावर तपासा. मलेशियात भारतीयांना सध्या व्हिसा लागत नाही, पण ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. निदान एक रात्र आधी सिंगापूरला पोचा. विमान उशिरा आलं म्हणून बोट थांबत नाही.

मुग्धमोगरा

घरी सगळ्यांशी बोलले. बाबांना लक्षद्वीपच्या होडीत दोघांनी धरून उतरवलं होतं, म्हणून फुकेत नाही. रॉयल कॅरिबियनची पेनांगची सफर बघतोय. रोज एकच टेबल, पहिली पाळी. लिफ्टजवळच्या दोन केबिन शेजारी-शेजारी आणि तिसरी समोर मिळतेय. जेंटिंग ड्रीमच्या जैन जेवणाने मन बरंच डळमळलं होतं, पण लेकीने नॉर्थ स्टारचा फोटो बघितला आणि आई म्हणाली, मी आदल्या रात्री सांगेन त्यांना, तू काळजी करू नकोस.

रविवारपेठी दादा, डॉक्टरशी भाषेचा तुमचा मुद्दा बरोबर होता. आईबाबांच्या औषधांची आणि आजारांची इंग्रजी चिठ्ठी करून दोघांच्या पाकिटात ठेवतेय.

रविवारपेठी

चिठ्ठीत रक्तगट आणि अॅलर्जीही लिहा. सुखरूप जाऊन या. आल्यावर इथेच सांगा, माझ्या आईला नेता येईल का ते बघतो.

निळीशाई

धागा फार उपयोगी पडला. थोडं बाजूचं विचारते. सिंगापूरची रॉयल कॅरिबियन झालीय, आता मुलाकडे अमेरिकेला जाणार आहोत तेव्हा अलास्का करायचंय. तीच कंपनी घ्यावी की बदलावी?

पर्वतीकर

अलास्कात कंपनीने मार्ग बदलतो, म्हणून तिथे हा प्रश्न खरा महत्त्वाचा. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ बोटींना आत सोडतात आणि परवाने ठरावीक कंपन्यांकडे आहेत. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, नॉर्वेजियन तिथे जातात. रॉयल कॅरिबियन दुसऱ्या हिमनद्या दाखवते. त्याही सुंदर आहेत, पण ग्लेशियर बे बघायचं ठरवलं असेल तर कंपनी बदलावीच लागेल. आम्ही त्यासाठीच बदलली.

सात रात्री आणि थंडीचे कपडे, त्यामुळे आणखी एक गोष्ट कामाला येईल. प्रिन्सेसवर प्रवाशांना स्वतः कपडे धुवायची यंत्रं आणि इस्त्री असते, रॉयल कॅरिबियनवर नसते.

आणि व्हिसा. सिॲटलहून निघणाऱ्या बोटी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. परदेशी नोंदणीच्या बोटीने अमेरिकेच्या बंदरातून निघून मध्ये परदेशी बंदर न करता अमेरिकेतच प्रवासी सोडू नयेत, असा त्यांचा १८८६ सालचा कायदा आहे. तो थांबा संध्याकाळी काही तासांचा असला आणि तुम्ही उतरणार नसलात तरी कॅनडाचा व्हिसा हाताशी हवा. पुण्यातून त्याला वेळ लागतो, तिकिटाआधी त्याच्या मागे लागा.